अंधाराचे छायाचित्रकार : एडवर्ड बर्नार्ड

मे महिन्याच्या सुट्टीत खानापूरच्या पुढे एका खेड्यात लग्नाला गेलो होतो. रात्री जेवणे आटोपल्यावर वीज गेली आणि वऱ्हाडातली निम्मी माणसे अंगणात चटया टाकून आडवी झाली. माझ्या शेजारी आमच्याच कॉलेजातला, बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी होता. दक्षिणेकडे वृश्चिक रास चांगली वर आली होती. तिच्यातली तांबूस ज्येष्ठा मी त्याला दाखवली. ज्येष्ठेच्या डाव्या हाताला आकाशगंगेचा पांढुरका पट्टा पसरला होता आणि त्या पट्ट्यात मधेमधे काळ्या भेगा पडल्यासारख्या दिसत होत्या. त्या काळ्या जागी तारे का नाहीत, असे त्याने विचारले. मी भौतिकशास्त्र शिकवतो, उत्तर द्यायला मला फारसा वेळ लागत नाही. तिथे काही नाही, ती रिकामी जागा आहे, असे मी सांगून टाकले. त्याने मान डोलावली आणि तो झोपी गेला.

घरी परतल्यावर सहज एक पुस्तक उघडले तेव्हा कळले की माझे उत्तर साफ चुकीचे होते. त्या जागा रिकाम्या नाहीत. आकाशगंगेतील वायू आणि धूळ यांचे प्रचंड साठे तिथे आहेत, आणि नवे तारे जन्माला येतात तेही तिथेच. पहिल्यांदा वाईट वाटले ते चुकीपेक्षा, ती ज्या सहजपणे मी केली त्याचे. पुढे वाचत गेलो तसे दिसले की ही चूक सव्वाशे वर्षे मोठमोठ्यांनी केलेली आहे. ती दुरुस्त करण्यात ज्या माणसाचा सर्वांत मोठा वाटा, त्यानेही ती आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे केली. त्या माणसाची ही हकिकत आहे.

एडवर्ड इमर्सन बर्नार्ड याचा जन्म १६ डिसेंबर १८५७ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात, नॅशव्हिल या शहरी झाला. जन्मापूर्वीच वडील वारले होते. दोन मुलांना घेऊन आई मेणाची फुले करून विकी आणि त्यावर घर चाले. पोर तीन-चार वर्षांचे झाले तोच यादवी युद्ध पेटले आणि होते नव्हते तेही गेले. शाळेत हा मुलगा मोजून दोन महिने गेला. वाचायला शिकवले ते आईने.

वयाला नऊ वर्षे पुरी होण्याच्या सुमारास त्याला एका छायाचित्रकाराच्या स्टुडिओत कामाला ठेवले. त्या काळी छायाचित्र मोठे करण्यासाठी विजेचे दिवे नव्हते, सूर्याचाच प्रकाश वापरावा लागे. स्टुडिओच्या गच्चीवर एक भला मोठा यांत्रिक कॅमेरा बसवलेला होता आणि त्याचे नावही गुरू ग्रहावरून ठेवलेले होते. सूर्य जसजसा सरके तसतसे हाताने चाके फिरवून त्या कॅमेऱ्याचे तोंड सूर्याकडे धरून ठेवायचे, हे त्या मुलाचे काम. दिवसभर उन्हात उभे राहून हे करायचे. आधीची मुले डुलक्या घेत आणि काम बिघडवत. एडवर्डने डुलकी घेतली नाही. त्या स्टुडिओत तो पुढे सतरा वर्षे राहिला आणि छायाचित्रणाची सारी विद्या तिथेच शिकला. मला वाटते, त्याच्या पुढच्या आयुष्याचा पाया त्या गच्चीवरच घातला गेला. प्रकाश देणारी वस्तू सरकत राहते, आपण तिच्यावरून नजर ढळू द्यायची नाही, एवढी एकच गोष्ट तो जन्मभर करीत आला.

रात्री तो एका जुन्या गाडीत उताणा पडून आकाश पाही. उन्हाळ्यात डोक्यावर येणारा एक तेजस्वी तारा त्याच्या विशेष ओळखीचा झाला होता, पण त्याचे नाव सांगणारे कुणी नव्हते. १८७६ साली एका ओळखीच्या माणसाने त्याच्याकडून दोन डॉलर उसने नेले आणि तारण म्हणून एक पुस्तक ठेवले. पैसे परत आले नाहीत, पुस्तक मात्र राहिले. ते थॉमस डिक यांचे खगोलशास्त्रावरचे पुस्तक होते आणि त्यात आकाशाचे नकाशे होते. खिडकीशी जाऊन एडवर्डने नकाशा आणि आकाश ताडून पाहिले, आणि लहानपणापासूनच्या सोबत्याचे नाव त्याला कळले. आपण त्या ताऱ्याला अभिजित म्हणतो. त्यानंतर लवकरच त्याने पाच इंच व्यासाची दुर्बीण ३८० डॉलरना विकत घेतली. ही रक्कम त्याच्या वर्षाच्या मिळकतीच्या दोन तृतीयांशाइतकी होती, आणि घरी आजारी आई होती. या व्यवहाराला कोणी शहाणपणा म्हणणार नाही.

१८७७ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांची वार्षिक परिषद नॅशव्हिललाच भरली. सायमन न्यूकम हे त्या काळचे अमेरिकेतील सर्वांत नामवंत खगोलशास्त्रज्ञ परिषदेला आले होते. एकोणीस वर्षांचा बर्नार्ड धीर करून त्यांना भेटला आणि आपल्या दुर्बिणीचे काय करावे असे त्याने विचारले. गणित येत नसेल तर दुर्बीण बाजूला ठेव, आधी गणित शीक, फार तर धूमकेतू शोध, असा न्यूकम यांच्या बोलण्याचा आशय होता. बर्नार्ड इमारतीच्या एका खांबाआड गेला आणि रडला.

मी शिक्षक असल्याने या प्रसंगापाशी बराच वेळ थांबलो. न्यूकम यांनी सांगितले ते खोटे नव्हते. तरी असे एखादे वाक्य आपण वर्गात किती सहज बोलून जातो, आणि ऐकणारा कोणत्या खांबाआड जातो हे आपल्याला कधी कळत नाही. बर्नार्डने मात्र डोळे पुसले आणि त्या सल्ल्यातली प्रत्येक गोष्ट अक्षरशः पाळली. आपल्या तुटपुंज्या पगारातून त्याने गणिताची शिकवणी लावली, आणि रात्री तो धूमकेतू शोधू लागला.

त्या वेळी रॉचेस्टरचे एक धनिक औषधविक्रेते नव्या धूमकेतूमागे २०० डॉलरचे बक्षीस देत असत. जानेवारी १८८१ मध्ये बर्नार्डचे रोडा कॅल्व्हर्टशी लग्न झाले आणि त्याच वर्षी बक्षीस मिळवून देणारा पहिला धूमकेतू त्याला सापडला. पुढे एकामागून एक सापडत गेले. त्या बक्षिसांच्या भरवशावर कर्ज काढून त्याने एक लहानसे घर बांधले. कर्जाचा हप्ता जवळ आला की आकाशातून एखादा धूमकेतू येई, म्हणून लोक त्या घराला धूमकेतूचे घर म्हणू लागले. सारे आयुष्य मिळून त्याने पंधराहून अधिक धूमकेतू शोधले. १८८३ मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याला राहायला घर, वर्षाला ३०० डॉलर आणि आपली वेधशाळा सांभाळायचे काम दिले. पंचविशी ओलांडलेला, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेला हा गृहस्थ दिवसा विद्यार्थी आणि रात्री वेधशाळेचा प्रमुख झाला. रीतसर पदवी त्याच्या हाती आली नाही. पुढे त्याच विद्यापीठाने त्याला सन्मानाने पदवी दिली. यापुढे आपणही त्यांना बर्नार्ड म्हणून आदराने संबोधू या.

काळ्या जागांची गोष्ट सुरू होते ती याच काळात. १८८३ च्या सुमारास धनू राशीत, ताऱ्यांच्या दाट गर्दीत, बर्नार्ड यांना दुर्बिणीतून एक लहानसा, काजळासारखा काळा डाग दिसला. भोवती तारेच तारे आणि मधे काही नाही. त्यांनी त्याची नोंद केली ती आकाशातले भोक अशी. तसे मानायला मोठा आधार होता. शंभर वर्षांपूर्वी विल्यम हर्शेल यांनी वृश्चिक राशीत असाच काळा प्रदेश पाहिला होता, आणि १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात, तिथले तारे गुरुत्वाकर्षणाने शेजारच्या तारकागुच्छात गोळा झाले असावेत आणि मागे मोकळी जागा उरली असावी, असा विचार मांडला होता. हर्शेल यांच्यासारखा निरीक्षक भोक म्हणतो म्हटल्यावर ते भोकच राहिले.

१८८८ मध्ये कॅलिफोर्नियात माउंट हॅमिल्टनच्या शिखरावर लिक वेधशाळा सुरू झाली आणि बर्नार्ड तिथे गेले. तिथली ३६ इंची दुर्बीण त्या काळी भिंगांच्या दुर्बिणींत जगात सर्वांत मोठी होती. ती त्यांना वापरायला मिळत नसे. त्यासाठी ते संचालकांशी भांडले आणि १८९२ मध्ये आठवड्याची एक रात्र त्यांच्या वाट्याला आली. थोड्याच आठवड्यांत, ९ सप्टेंबरच्या रात्री, त्यांनी गुरूचा पाचवा उपग्रह शोधला. गॅलिलिओने पहिले चार पाहिले त्याला २८२ वर्षे झाली होती. या एका शोधाने त्यांचे नाव जगभर झाले. नुसत्या डोळ्याने दुर्बिणीतून पाहून शोधलेला ग्रहांच्या उपग्रहांपैकी हा शेवटचा. त्यानंतरचे सारे छायाचित्रांनी किंवा अवकाशयानांनी दाखवले आहेत.

तरीही त्यांचे खरे काम तिथे एका बाजूला, लाकडी पेटीत बसवलेल्या एका जुन्या भिंगाने चालले होते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका स्टुडिओत माणसांची छायाचित्रे काढण्यासाठी वापरलेले, सुमारे सहा इंच व्यासाचे ते भिंग होते. मोठ्या दुर्बिणीला आकाशाचा एक कोपराच दिसतो. या भिंगात आकाशगंगेचा मोठा तुकडा एकदम मावे. १८८९ च्या उन्हाळ्यात बर्नार्ड यांनी त्याने आकाशगंगेची छायाचित्रे काढायला सुरुवात केली. एका काचेवर चित्र उमटायला तीन-तीन, चार-चार तास लागत. तेवढा वेळ डोळा एका ताऱ्यावर रोखून, यंत्राच्या चालीतली बारीकसारीक चूक हाताने सुधारत बसायचे. गच्चीवरच्या त्या मुलाला हे काम नवे नव्हते.

काचा धुऊन पाहिल्यावर जे दिसले ते तोवर कुणी पाहिले नव्हते. आकाशगंगा म्हणजे एकसारखा पट्टा नसून ताऱ्यांचे ढगच्या ढग होते, आणि त्यांच्यामधून काळ्या वाटा, काळे ओहोळ, काळी बेटे पसरली होती. १८९४ च्या सुमारास इंग्लंडमधील रॅनयार्ड यांनी सुचवले की ही भोके नसावीत, मधे काहीतरी आडवे येऊन मागचे तारे झाकत असावे. बर्नार्ड यांना ते पटले नाही. जे दिसत नाही ते आहे असे म्हणायला त्यांचे मन तयार होत नव्हते. तारे नाहीत एवढे काचेवर दिसत होते, म्हणून त्यांनी तेवढेच लिहिले.

१८९५ मध्ये ते शिकागो विद्यापीठाच्या यर्कीझ वेधशाळेत आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. ही वेधशाळा विस्कॉन्सिनमध्ये विल्यम्स बे या गावी आहे. तिथला हिवाळा कडक, पण रात्र निरभ्र असली की हा माणूस घुमटाखाली असायचाच. कॅथरीन ब्रूस या बाईंनी दिलेल्या ७,००० डॉलरच्या देणगीतून दहा इंची भिंगाची, खास छायाचित्रणासाठीची दुर्बीण त्यांनी बनवून घेतली. अडचण होती ती जागेची. विल्यम्स बे उत्तरेला इतके दूर आहे की आपल्याकडे ४८ अंश उंच चढणारी ज्येष्ठा तिथे जेमतेम २१ अंशांपर्यंत येते. म्हणून १९०५ साली ती दुर्बीण कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर नेऊन बर्नार्ड यांनी काही महिने रात्रीमागून रात्री छायाचित्रे घेतली. त्यांच्या पुढच्या ग्रंथातील बहुतेक चित्रे त्या मुक्कामातील आहेत.

त्या चित्रांनी त्यांची झोप उडवली असावी, असे मला वाटते. ज्येष्ठेजवळच्या भागात तेजोमेघ आणि काळ्या वाटा एकमेकांत इतक्या मिसळल्या होत्या की एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे सांगता येत नव्हते. शिवाय भोक मानले तर आणखी एक पंचाईत होती. आकाशगंगा पातळ कागद नाही, तिला प्रचंड खोली आहे. तिला आरपार भोक पाडायचे म्हणजे तो एक लांबच लांब बोगदाच झाला. असा एखादा बोगदा नेमका पृथ्वीकडे रोखलेला असू शकेल. शेकडो बोगदे, आणि सगळेच पृथ्वीकडे तोंड करून, हे कसे शक्य आहे?

१९१३ च्या उन्हाळ्यात, चंद्र नसलेल्या एका निर्मळ रात्री, बर्नार्ड धनू राशीचे छायाचित्र घेत होते. तेवढ्यात दक्षिणेकडे लहान लहान ढगांचा एक पुंजका आकाशगंगेच्या उजळ भागावर आला. आपल्या पावसाळ्याआधी दिसतात तसे साधे, पृथ्वीवरचे ढग. एरवी रात्री असे ढग अंधूक दिसतात. ताऱ्यांच्या उजेडावर मात्र ते शाईच्या थेंबांसारखे काळेभोर दिसले, आणि इतकी वर्षे काचेवर जे डाग ते पाहत होते त्यांच्याशी त्यांचे रूप हुबेहूब जुळले. इथे तर भोक नव्हते. ढग होता, आणि मागचे तारे जागच्या जागी होते.

त्या वेळी त्यांचे वय पंचावन्न होते. आपण तीस वर्षे ज्याला भोक म्हणत आलो त्याविषयी नव्याने लिहायचे होते, आणि १९१६ साली त्यांनी ते लिहिले. पहिल्यांदा आपला अशा झाकणाऱ्या ढगांवर विश्वास नव्हता, हेही त्यांनी लपवले नाही. १९१९ मध्ये त्यांनी अशा १८२ काळ्या जागांची यादी क्रमांक घालून प्रसिद्ध केली. त्यातही, प्रत्येक काळी जागा ढगच असेल असा हट्ट त्यांनी धरला नाही. त्याच १९१६ साली त्यांनी सूर्यापासून सुमारे सहा प्रकाशवर्षांवरचा, आकाशात सर्वांत वेगाने सरकताना दिसणारा तारा शोधला. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

शेवटची वर्षे कष्टात गेली. मधुमेह जडला होता. १९२१ मध्ये पत्नी गेली. ६ फेब्रुवारी १९२३ रोजी विल्यम्स बे येथे बर्नार्ड यांचे निधन झाले. आकाशगंगेच्या निवडक भागांचा त्यांचा छायाचित्रसंग्रह तेव्हा अपुरा होता. त्यासाठी छापील चित्रांवर त्यांचा विश्वास नव्हता. ७०० प्रतींसाठी लागणारी हजारो खरी छायाचित्रे तयार करवून ती त्यांनी स्वतः तपासली होती. उरलेले काम त्यांच्या पत्नीची भाची मेरी कॅल्व्हर्ट आणि वेधशाळेचे संचालक एडविन फ्रॉस्ट यांनी पुरे केले. फ्रॉस्ट यांची दृष्टी तोवर गेलेली होती. ग्रंथ १९२७ मध्ये बाहेर पडला आणि त्यातील यादीत काळ्या जागांची संख्या ३४९ झाली होती.

त्या ढगांत काय आहे हे बर्नार्ड यांना कळणे शक्य नव्हते. ते कळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. १९३० साली ट्रम्पलर यांनी दाखवले की ताऱ्यांमधल्या अवकाशात सर्वत्रच धूळ विखुरलेली असून ती प्रकाश मंद करते. १९४७ साली बार्ट बोक यांनी लहान, गोल काळ्या ढगांत तारे तयार होत असावेत असे सुचवले. १९७० मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूंकडून येणाऱ्या २.६ मिलिमीटर लांबीच्या लहरी पकडता आल्या आणि काळ्या ढगांच्या पोटात डोकावायची वाट मिळाली.

आज आपण जाणतो ते थोडक्यात असे. हे ढग मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचे असतात. धूळ वजनाने शंभरात एक भाग, पण प्रकाश अडवते ती तीच. एका घन सेंटिमीटरमध्ये काही शेकड्यांपासून काही लाखांपर्यंत रेणू सापडतात. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. म्हणजे हा ढग आपल्या दृष्टीने जवळजवळ पोकळीच. पण त्याची खोली लाखो कोटी किलोमीटर असते, म्हणून एवढी विरळ धूळही मागचा तारा पुरता झाकून टाकते. बाहेरचा प्रकाश आत शिरत नसल्याने आतले तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. वायू इतका थंड झाला की त्याचा दाब कमी पडतो आणि गुरुत्वाकर्षण वरचढ होते. ढगाचा दाट भाग स्वतःच्या वजनाने आत कोसळू लागतो, आकसताना तापतो, आणि केंद्राशी तापमान एक कोटी अंशांच्या घरात गेले की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते. तारा पेटतो. काळोख आणि थंडी या दोन गोष्टी नसत्या तर ताऱ्याचा जन्म झाला नसता. आपला सूर्यही सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच एका ढगातून निघाला आहे.

बर्नार्ड यांच्या यादीतले क्रमांक आजही चालतात. मृग नक्षत्रातला घोड्याच्या डोक्याच्या आकाराचा प्रसिद्ध काळा मेघ हा त्यांचा ३३ वा. ६८ व्या क्रमांकाचा ढग अर्धा प्रकाशवर्ष रुंद आहे. साध्या प्रकाशात तो ठार काळा दिसतो, पण अवरक्त किरणांनी पाहिले की मागचे तारे त्यातून लुकलुकताना दिसतात. त्यांवरून २००१ साली त्याची घनता थरांथरांनी मोजली गेली. आणि ज्येष्ठेजवळच्या ज्या प्रदेशाने बर्नार्ड यांना कोड्यात टाकले होते, त्याचे छायाचित्र जुलै २०२३ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने प्रसिद्ध केले. सुमारे ३९० प्रकाशवर्षांवरच्या त्या एका चित्रात पन्नासेक नवजात तारे आहेत. मी लग्नघरच्या अंगणातून ज्या दिशेला बोट दाखवले होते, तीच ही दिशा.

कॉलेज उघडल्यावर त्या विद्यार्थ्याला बोलावून मी माझी चूक सांगितली. मला वाटले होते तो हसेल. त्याने विचारले की दिसत नसलेली वस्तू तिथे आहे हे पहिल्यांदा कळले कसे. या वेळी मी घाई केली नाही, पुस्तक त्याच्यापुढे ठेवले आणि वर लिहिलेली हकिकत सांगितली. त्याच्या सूचनेवरूनच ती या अंकासाठी लिहून काढली आहे.

मे महिना आला की गावाच्या दिव्यांपासून दूर कुठेतरी जाऊन दक्षिणेकडे जरूर पाहा. सध्या मात्र रोज पाऊस आहे आणि आठवडाभर एकही तारा दिसलेला नाही. वरचे तारे कुठे गेले, असे मला अजून कुणी विचारलेले नाही.